औषध सुरू केले आणि केस अधिकच गळू लागले

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील गोष्ट. निगडी प्राधिकरणात राहणाऱ्या, सहासष्ट वर्षांच्या एक काकू माझ्या दवाखान्यात आल्या. सोबत सूनबाई होत्या. काकूंनी डोक्यावरून पदर घट्ट ओढून घेतला होता. खुर्चीवर बसताच त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकची एक पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. आत केसांचे गुंतवळ होते.

“हे एका आठवड्याचे आहे, डॉक्टर. तुम्ही ‘लावा’ म्हणालात म्हणून लावले. होते तेही गेले.”

त्यांचे म्हणणे खरे होते. मधला भांग रुंदावत चालला म्हणून त्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्या होत्या. तज्ज्ञांनी मिनॉक्सिडिल नावाचे, डोक्याच्या त्वचेवर लावण्याचे द्रावण लिहून दिले. रक्तदाबाच्या तपासणीसाठी त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांनी ती चिठ्ठी दाखवून विचारले होते, “लावू ना?” बाहेर रुग्णांची रांग होती. मी “लावा” एवढेच म्हणालो आणि रक्तदाबाच्या गोळ्या लिहू लागलो. सहाव्या आठवड्यापासून फणीत केस येऊ लागले. आठव्या आठवड्यात काकूंनी औषध बंद केले. मधल्या काळात भजनी मंडळात जाणे सुटले, भाचीच्या लग्नालाही त्या गेल्या नाहीत.

औषधाने जे करायचे तेच केले होते. चूक माझी होती. आरंभी केस अधिक गळू शकतात, हे एक वाक्य मी आधी सांगितले असते, तर ती पुडी माझ्या टेबलावर आली नसती. आज ते वाक्य कारणांसह आणि त्याच्या मर्यादांसह सांगायचे आहे. या दिलाशाला मुदत असते आणि ती मुदत न पाळल्यामुळेही माणसे अडचणीत येतात.

केसाचे आयुष्य

माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केसाचे मूळ आपापल्या क्रमाने तीन अवस्थांतून जाते. पहिली वाढीची अवस्था. ती दोन ते सहा वर्षे चालते आणि या काळात केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. दुसरी आवरते घेण्याची अवस्था दोन-तीन आठवड्यांची. तिसरी विश्रांतीची, सुमारे तीन महिन्यांची. विश्रांतीत गेलेला केस वाढत नाही. तो केवळ जागेवर टिकून असतो. त्याच्याखाली नवा केस तयार होऊ लागला की जुना सुटतो.

निरोगी डोक्यावर कोणत्याही वेळी सुमारे दहा टक्के केस विश्रांतीत असतात. म्हणजे लाखातले दहा हजार. ते साधारण शंभर दिवसांत गळायचे असल्याने रोज सरासरी शंभर केस जातात. रोज पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे असे डॉक्टर सांगतात, त्यामागे हा सरळ हिशेब आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा, बारीक ठिपक्यासारखा गोळा दिसतो. “मुळासकट निघाला” असे म्हणून घरातील मंडळी घाबरतात. तो गोळा म्हणजे मूळ नव्हे. विश्रांती पूर्ण करून सुटलेल्या केसाची ती खूण आहे. नवा केस निर्माण करणारे मूळ त्वचेतच राहते.

औषध नेमके काय करते

मिनॉक्सिडिल मुळात केसांचे औषध नव्हे. तीव्र रक्तदाबावरील गोळी म्हणून अमेरिकेत त्याला १९७९ साली मान्यता मिळाली. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर आणि चेहऱ्यावर केस वाढू लागल्याचे आढळले. त्या दुष्परिणामाचाच पुढे उपयोग करून घेण्यात आला आणि १९८८ साली डोक्याला लावण्याच्या द्रावणाला मान्यता मिळाली.

हे औषध विश्रांतीत असलेल्या मुळांना लवकर जागे करते. मूळ वाढीच्या अवस्थेत शिरले की त्यावर टिकून असलेला जुना केस सुटतो. जे केस एरवी तीन महिन्यांत थोडेथोडे गळले असते, ते काही आठवड्यांतच एकदम गळतात. वरचाच हिशेब घ्या. दहा हजार केस शंभर दिवसांऐवजी चाळीस दिवसांत गळले, तर रोजची संख्या शंभरावरून अडीचशेवर जाते. टक्कल पडण्याच्या प्रवृत्तीत विश्रांतीतील केसांचे प्रमाण मुळातच वाढलेले असते. त्यामुळे अशा व्यक्तीला ही गळती अधिक जाणवते.

काकूंचे यजमान पिंपरीतील एका कारखान्यातून निवृत्त झाले होते. त्यामुळे मी त्यांना तेथलेच उदाहरण दिले. कारखान्यातून दर महिन्याला दोन-चार माणसे निवृत्त होतात, तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही. स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि वर्षभरात निवृत्त होणारे सगळे एकाच महिन्यात गेले, की शॉपमध्ये शुकशुकाट वाटतो. नवी मुले भरती झालेली असतात, पण ती शिकाऊ असतात. त्यांचे काम दिसायला काही महिने जातात. काकू हसल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे जाणारेच गेले म्हणायचे.”

होय, गेलेले बहुतेक केस जाणारेच होते. नव्या केसाला महिन्याला एक सेंटिमीटर याच गतीने वर यायचे असते. जुने गेले आहेत आणि नवे अजून दिसत नाहीत, असा तो मधला काळ असतो. नेमक्या याच काळात बहुतेक लोक औषध सोडून देतात.

कालक्रम लक्षात ठेवावा

ही गळती साधारणपणे औषध सुरू केल्यानंतर दोन ते आठ आठवड्यांत सुरू होते आणि काही आठवडे टिकून आपोआप कमी होते. ती प्रत्येकाला होत नाही. झाली नाही म्हणून औषध निरुपयोगी ठरत नाही. झाली म्हणून भरघोस केस येतील अशी हमीही मिळत नाही. फरक दिसू लागण्यास चार ते सहा महिने लागतात आणि पूर्ण परिणाम जोखण्यास वर्षभर द्यावे लागते. प्रथम मऊ, बारीक केस दिसतात. अनेकांच्या बाबतीत उरलेले केस टिकणे हाच खरा लाभ असतो.

औषध लागू पडल्यावर बंद केले, तर मिळालेले केस पुढील तीन-चार महिन्यांत जातात. मध्येच थांबवून पुन्हा सुरू केल्यास आरंभीची गळतीही पुन्हा होऊ शकते. दिवसातून दोनदा लावण्याचे औषध चारदा लावल्याने केस लवकर येत नाहीत. त्वचेचा दाह आणि शरीरात शोषले जाणारे प्रमाण मात्र वाढते.

केशरोपण केलेल्यांनाही असाच अनुभव येतो. रोपण केलेले केस दोन ते सहा आठवड्यांत बहुतांशी गळतात. मुळे त्वचेत राहतात आणि तीन-चार महिन्यांनंतर त्यांतून नवे केस येऊ लागतात. हे ठाऊक नसलेला रुग्ण “पैसे पाण्यात गेले” असे समजून हताश होतो.

धीराची मुदत

आता दुसरी बाजू. एक सत्तरीचे निवृत्त गृहस्थ रोज सकाळी दुर्गा टेकडीवर फिरायला जात. तेही मिनॉक्सिडिल लावत होते. केस गळू लागले, तेव्हा फिरायला येणाऱ्या एका मित्राने सांगितले, “सुरुवातीला गळतातच, लक्ष देऊ नका.” सल्ला चुकीचा नव्हता. पण महिन्यांमागून महिने गेले तरी गळती थांबेना. टेकडी चढताना धाप लागू लागली. “वय झाले” म्हणून त्यांनी तेही सोडून दिले. सातव्या महिन्यात सर्दीसाठी ते माझ्याकडे आले, तेव्हा पापणीच्या आतली बाजू पांढुरकी दिसली. हिमोग्लोबिन सात होते. गुडघेदुखीसाठी ते कित्येक महिने औषधाच्या दुकानातून स्वतःच वेदनाशामक गोळ्या आणून घेत होते. त्या गोळ्यांनी जठरात व्रण झाला होता आणि रक्त हळूहळू झिरपत होते. व्रणावर उपचार झाले, शरीरातील लोह भरून निघाले आणि मग केसांची गळतीही उतरली. केसांनी आधीच इशारा दिला होता. त्याकडे दुर्लक्ष झाले, कारण दिलासा हाताशी तयार होता.

म्हणून मी मुदत घालून देतो. गळती औषधानंतर पहिल्या दोन महिन्यांत सुरू झाली, सर्व डोक्यावर सारखी आहे, त्वचा स्वच्छ आहे आणि प्रकृती एरवी ठीक आहे, तर धीर धरावा. तीन महिने उलटूनही गळती कमी झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. पुढील गोष्टी दिसल्यास मात्र तीन महिनेही थांबू नये.

• नाण्याएवढे गोल, गुळगुळीत चट्टे पडणे.

• डोक्याची त्वचा लाल होणे, खाज, खपल्या, पू किंवा वेदना.

• कपाळावरची केसांची रेषा पट्ट्यासारखी मागे सरकणे आणि भुवया विरळ होणे. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत आढळणाऱ्या एका विकारात मुळेच व्रणाने नष्ट होतात. तेथे गेलेला वेळ भरून निघत नाही.

• केसांबरोबर थकवा, धाप, वजनातील बदल, थंडी सहन न होणे किंवा शौचास काळे होणे.

• केस विंचरताना कानशिलापाशी दुखणे, नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणे किंवा दृष्टी अंधुक होणे. पन्नाशीनंतर ही लक्षणे एकत्र आल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रक्तवाहिनीच्या दाहामुळे दृष्टी जाण्याचा धोका असतो.

तीन महिने मागे वळून पाहा

मोठे आजारपण, तीव्र ताप, शस्त्रक्रिया किंवा जिवलगाचा वियोग यांनंतर बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे परिसरात चिकुनगुनियाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. त्यानंतर हिवाळ्यात केस गळतात म्हणून येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न तापाचाच विचारत असे. ही गळतीही बहुधा सहा महिन्यांत थांबते. थायरॉइडचे विकार, लोहाची कमतरता, आहारातील प्रथिनांची उणीव, रक्त पातळ करणारी काही औषधे, बीटा-ब्लॉकर गटातील रक्तदाबाच्या गोळ्या हीही कारणे असू शकतात. अर्थात यांपैकी कोणतेही औषध केसांसाठी परस्पर बंद करू नये.

आमच्या भागात दोष बहुधा पाण्याला दिला जातो. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या अखेरीपासून पाणी दिवसाआड येते आणि अनेक सोसायट्या बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर भागवतात. जड पाण्याने केस राठ होतात आणि मध्येच तुटतात, हे खरे. पण तुटलेल्या केसाच्या टोकाला पांढरा गोळा नसतो. गोळा असेल, तर कारण पाण्याबाहेर शोधावे.

‘केसांसाठी’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांविषयीही सावध राहिले पाहिजे. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अवघ्या काही दिवसांत गळून गेले. तेव्हाही प्रथम संशय पाण्यावरच गेला होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक तेथे आले. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातकीर्त असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे लक्ष वेधले. अनेकांचे केस पुढे पुन्हा उगवू लागले. सेलेनियम शरीराला अल्प प्रमाणात आवश्यक असते. अतिरेक झाला की त्यानेच केस आणि नखे गळतात. केसांच्या अनेक गोळ्यांत ते असते. म्हणून दोन-तीन प्रकारच्या गोळ्या एकत्र घेऊ नयेत. बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्यासाठी केल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनच्या रक्ततपासणीचे निकाल चुकू शकतात. तपासणीपूर्वी ही गोळी घेत असल्याचे अवश्य सांगावे.

उतारवयात घ्यायची काळजी

मिनॉक्सिडिलच्या द्रावणाच्या काही देशांतील माहितीपत्रकांत ते ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी सुचवलेले नसते. याचा अर्थ ते निषिद्ध आहे असा नाही; डॉक्टरांच्या देखरेखीविना सुरू करू नये, असा आहे. द्रावणातील थोडा अंश रक्तात जातो. हृदयविकार असलेल्यांना किंवा रक्तदाबाच्या अनेक गोळ्या घेणाऱ्यांना छातीत धडधड, पायांवर सूज, उठताना चक्कर किंवा वजनात अचानक वाढ जाणवली, तर औषध थांबवून लगेच डॉक्टरांना भेटावे. येथे ‘आरंभीचा त्रास’ म्हणून वाट पाहू नये. उतारवयात चक्कर येऊन पडणे म्हणजे खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते. आजकाल हेच औषध अल्प मात्रेत गोळीच्या रूपातही दिले जाते. त्यात ही काळजी अधिक घ्यावी लागते. ओळखीच्या माणसाला लागू पडली म्हणून ती गोळी आपण घेऊ नये.

पुरुषांना कधी कधी फिनास्टेराइड ही गोळी दिली जाते. प्रोस्टेटच्या वाढीसाठीही तीच गोळी अधिक मात्रेत वापरतात. ती नियमित घेतल्यास पीएसए या रक्ततपासणीचा आकडा सुमारे निम्मा दिसतो. तपासणी वाचणाऱ्या डॉक्टरांना हे ठाऊक नसेल, तर प्रोस्टेटच्या कर्करोगाची खूण नजरेआड होऊ शकते.

घरात तान्हे नातवंड असेल, तर आणखी एक दक्षता हवी. औषध लावणाऱ्या मोठ्यांच्या त्वचेशी संपर्क येऊन तान्ह्या बाळांच्या अंगावर केस वाढल्याची उदाहरणे युरोपात नोंदली गेली आहेत. औषध लावल्यावर हात साबणाने धुवावेत, डोके पूर्ण वाळू द्यावे आणि तोवर बाळाला खांद्याशी धरू नये. हे औषध मांजरांना प्राणघातक ठरू शकते, म्हणून त्या उशीवर मांजरही झोपू देऊ नये.

सांभाळणाऱ्यांसाठी

ज्येष्ठांचे हात थरथरत असतील, तर औषध कुणीतरी लावून द्यावे लागते. हातमोजे घालावेत. डोके कोरडे असावे. भांग पाडून औषध केसांवर नव्हे, त्वचेवर पडेल असे लावावे. झोपण्यापूर्वी दोन तास आधी लावले, तर ते उशीला आणि चेहऱ्याला लागत नाही. खाज किंवा पुरळ आल्यास डॉक्टरांना सांगावे; कित्येकदा दोष औषधाचा नसून द्रावणातील अन्य घटकाचा असतो आणि पर्याय उपलब्ध असतो.

गळलेले केस मोजत बसू नये. त्याऐवजी महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, तसाच भांग पाडून फोटो काढावा. आठवणीवर विसंबण्यापेक्षा फोटो शेजारी ठेवून पाहिलेले बरे. औषध सुरू केल्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहावी. तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यावर खूण करावी. तज्ज्ञांची गरज भासल्यास आणि खर्चाची चिंता असल्यास पालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो.

“या वयात केसांचे काय एवढे?” हे वाक्य मात्र टाळावे. ज्या बाईने चाळीस वर्षे रोज सकाळी आरशासमोर उभे राहून अंबाडा घातला, तिच्या लेखी तो अंबाडा म्हणजे केवळ केस नसतात. दुःख झटकून टाकले, तर ती ते बोलणे बंद करते, मग घराबाहेर पडणे बंद करते. उतारवयातील उदासीचा आरंभ कधी कधी असाच होतो. शिवाय उपचार न करणे हाही मानाचा निर्णय आहे. तो त्या व्यक्तीने स्वतः घेतलेला असावा, एवढेच.

काकूंची थायरॉइडची आणि लोहाची तपासणी केली. दोन्ही ठीक होते. तज्ज्ञांशी बोलून त्यांनी औषध पुन्हा सुरू केले. दुसऱ्या महिन्यात केस पुन्हा थोडे गळले. या वेळी त्यांनी गुंतवळ आणले नाही. सातव्या महिन्यात सूनबाईंनी दोन फोटो शेजारी ठेवून दाखवले. भांग पूर्ण भरला नव्हता, तो भरणारही नाही. पण तो अरुंद झाला होता आणि कडेला बोटभर लांबीचे नवे केस उभे होते. काकू भजनाला पुन्हा जाऊ लागल्या, ते मात्र केस येण्याच्या कितीतरी आधी. काय घडते आहे हे कळले, तेवढे त्यांना पुरले.

आता असे औषध कुणाच्या चिठ्ठीत दिसले की मी खाली तीन ओळी लिहून देतो : आरंभी केस अधिक गळतील. तीन महिन्यांत गळती थांबली नाही तर या. धडधड, सूज, चक्कर वाटली तर त्याच दिवशी या. लिहायला अर्धा मिनिट लागतो. बाहेर रांग तेव्हाही असतेच.